दोन इंची अक्षरं

सोमवारी सकाळी डॅरल टॉर्गर्सनने गोठलेल्या तळ्यावर उरलेली खोपटी मोजली तेव्हा ती अकरा होती. दुपारी एकपर्यंत दहा निघाली. उरलं ते एक त्याच्या सासऱ्यांचं होतं.

नियम साधा होता. हिवाळाभर बर्फावर खोपटं ठेवा, आत शेगडी पेटवा, गिरमिटाने भोक पाडून गळ सोडून बसा, घरी सांगून या नाहीतर न सांगता या. सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण मार्चमधल्या ठरलेल्या सोमवारी, संध्याकाळी सहाचा भोंगा वाजायच्या आत खोपटं किनाऱ्याला लागलं पाहिजे. नाहीतर बर्फ वितळतो, खोपटं तळाशी जातं आणि जूनमध्ये कुणाच्या तरी नावेला शेगडी आदळते. दुसरा नियम त्याहून साधा. खोपट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता हवा, अक्षरं निदान दोन इंच उंच.

यंदा सासऱ्यांनी, ऑर्डेल स्वेनबींनी, आपल्या खोपट्याला नवा हिरवा रंग दिला आणि जुनं नाव त्याखाली गडप झालं. डॅरलने जानेवारीत तोंडी सांगितलं. फेब्रुवारीत लेखी समज दिली. लेखी समज ऑर्डेलनी वाचली, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली.

"अख्ख्या गावाला माहीत आहे खोपटं कुणाचं ते," ते म्हणाले होते.

"नियमाला माहीत नाही ना."

"मग नियमाला पाठवा इकडे, कॉफी पाजतो."

नियमाला कॉफी मिळाली असती, पण डॅरलला एकोणीस वर्षांत मिळाली नव्हती. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या खोपट्यात बसून गप्पा छाटून आला होता. पास्टर हॅलवर तर दर शुक्रवारी जायचे. जावई मात्र मासेमारी खात्याचा वॉर्डन. तो दार ठोठावायचा, दार वीतभर उघडायचं, फटीतून लायसन्स बाहेर यायचं, मग मासे बाहेर यायचे, मग दार बंद. घरीसुद्धा सणाच्या जेवणात म्हातारा टेबलाच्या त्या टोकाकडून म्हणायचा, "वॉर्डनसाहेबांना बटाटे द्या गं कुणीतरी." डॅरलने हे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याला ते लागायचं. चांगलंच लागायचं.

आणि आज सगळं गाव बघायला जमलं होतं. शेवटची खोपटी ओढताना बघणं ही टॉलिव्हर तळ्यावरची वर्षातली मोठी करमणूक. नावा उतरवायच्या उतारावर लोक घडीच्या खुर्च्या मांडून, गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन बसले होते. मधोमध पास्टर. गेल्या हिवाळ्यात दोनाच्या जागी तीन गळ टाकल्याबद्दल डॅरलने त्यांना दंडाची चिठ्ठी फाडली होती, ऐन ख्रिसमसच्या आठवड्यात. त्या दिवशी आर्डिसच्या आमिषाच्या दुकानात, मिनो माशांच्या टाकीपाशी उभं राहून तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता, "नियम म्हणजे नियम. उद्या माझं स्वतःचं नाव निघालं तरी फाडीन!" माणसाने टाळ्यांच्या नादात असं बोलू नये. टाळ्या तरी कुठे पडल्या होत्या.

"काय डॅरल," पास्टर गोड आवाजात म्हणाले, "एक राहिलंय वाटतं अजून?"

"दिसतंय मला."

"नाही, आपलं सहज म्हटलं."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जोलीन, त्याची बायको.

"बाबांच्या नावाची चिठ्ठी फाडायची नाही हं. एवढंच सांगते."

"जोलीन, पाच तास आहेत अजून. सांग ना त्यांना निघायला."

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही बघा. फक्त बाबांच्या नावाची नको." आणि तिने फोन ठेवला. ती हसत होती असं त्याला वाटलं, पण हसण्यासारखं त्यात काय होतं ते काही त्याच्या लक्षात आलं नाही.

खोपट्यापाशी पोचल्यावर त्याला पहिली गोष्ट दिसली ती तळ्याकडच्या भिंतीवर बांधलेली निळी ताडपत्री. दुसरी गोष्ट दिसली ती भयंकर होती. खोपटं ज्यांवर घसरतं ते दोन्ही लाकडी पाट बर्फात चांगले वीतभर रुतून गोठले होते. बाकी सगळे खोपट्याखाली लाकडाचे ठोकळे देतात. ऑर्डेलनीही दिले असतील, पण शेगडीच्या उबेने खालचा बर्फ विरघळत गेला, रात्री पुन्हा गोठत गेला, आणि त्यात उरलेली कॉफी रोज दारातूनच बाहेर ओतायची सवय. तिन्हींनी मिळून खोपटं तळ्याला शिवून टाकलं होतं.

दार आज पूर्ण उघडलं. ऑर्डेल उंबऱ्यात उभे होते. वय एक्क्याऐंशी, डोक्यावर कानटोपी, हातात थर्मास.

"या वॉर्डनसाहेब. आत या, बसा जरा. पर्च मासे लागतायत."

डॅरलचा विश्वास बसेना. एकोणीस वर्षं ज्या आमंत्रणाची वाट बघितली ते आज यावं, आणि तेही शेवटच्या दिवशी, दुपारी सव्वा वाजता! त्याला एकदम संशय आला. म्हातारा वेळ काढतोय.

"बसायला वेळ नाहीये, ऑर्डेल. खोपटं गोठलंय तुमचं."

"माहितेय. दोन दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नावाचंच विचारत होतात. गोठलंय का असं कुठं विचारलंत?"

"आणि ते नाव? नावाचं काय झालं?"

"लिहिलं की. काल."

"कुठाय?"

"दिसेल हो. आत या आधी. कॉफी गार होतेय."

डॅरलने तीन बाजू बघितल्या. नाव नव्हतं. चौथीवर ताडपत्री होती. "ही कशाला?" त्याने विचारलं. "वारा येतो तिकडनं," ऑर्डेल म्हणाले. ताडपत्री सोडून बघावी एवढी शुद्ध त्याला राहिली नाही, कारण नावापेक्षा घड्याळ जवळ आलं होतं. त्याने सरकारी गाडीतून पहार काढली आणि बर्फावर घाव घालायला सुरुवात केली.

दोन तास पहार मारून एक पाट मोकळा झाला. तो दुसऱ्याकडे वळला तेवढ्यात पहिल्याभोवती पाणी साचून परत साय धरू लागलं. आतून ऑर्डेल अधूनमधून सांगत होते, "जरा हळू हाणा हो. मासे घाबरतात." तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर डॅरलने पहार फेकली आणि ठरवलं, गाडीने ओढायचं.

पण सरकारी गाडीने खाजगी सामान ओढायला मनाई होती. हाही नियमच, आणि तो पाळणारा अख्ख्या जिल्ह्यात बहुधा डॅरल एकटाच. तो सरकारी गाडी उतारावर लावून, कुणाकडेही न बघता, चालत घरी गेला. स्वतःचा पिकअप काढतोय तोच जोलीन दोन्ही हातांत झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आली.

"बटाट्याचं हॉटडिश आहे. बाबांनी दुपारी खाल्लं नसेल."

"जोलीन! चार वाजून गेलेत!"

"मग भूक लागलीच असेल. तिरकं धरू नकोस, रस्सा सांडतो."

त्यामुळे पिकअप तळ्यापर्यंत ताशी पंधरा मैलांच्या वेगाने आला. बटाट्याचं भांडं शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला डॅरल त्याच्यावर हात ठेवत होता. उतारावरून लोकांनी हे सगळं नीट पाहिलं.

साखळी लावायला हुक कुठेच नव्हता. डॅरलने ती दाराच्या चौकटीतून घेतली आणि पिकअपला झटका दिला. मोठा आवाज झाला. साखळी आली, चौकट आली, दारही आलं, आणि ते पिकअपच्या मागे बर्फावर किनाऱ्याकडे दूरवर घसरत गेलं. खोपटं जागचं हललं नाही. जिथे दार होतं त्या भगदाडातून ऑर्डेल दिसत होते. स्टुलावर बसून ते हॉटडिश खात होते.

"वारा येतोय," ते म्हणाले. "दार लावून घ्या."

मग गावाला राहवलं नाही. त्या गावात कुणी मदत मागत नाही आणि मागितली नाही म्हणून कुणी थांबतही नाही. वीसेक माणसं बर्फावरून चालत आली आणि खोपट्याभोवती गोल करून उभी राहिली.

"मला आपलं लुडबुड करायची नाही," एकजण म्हणाला, "पण मी असतो तर डावीकडनं ओढलं असतं."

"असं का? उजवीकडनं बरं पडलं असतं असं मला वाटत होतं."

"हां, उजवीकडनंही चालेल."

"नाही नाही, तुमचं डावीकडनंच बरोबर."

"तुम्ही म्हणता तर उजवीकडनंच करू."

"कुठनंही ओढा!" डॅरल ओरडला. "पण ओढा!"

सगळे दचकून एक पाऊल मागे सरकले. टॉलिव्हरमध्ये असं कुणी ओरडत नाही. मग आर्डिस दुकानातून गरम पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आली आणि कुणी नको म्हणायच्या आत तिने त्या पाटांवर ओतल्या. दहा मिनिटं वाफ निघाली. अकराव्या मिनिटाला तिथे काचेसारखा नवा बर्फ चमकत होता, सगळ्यात कठीण. ती "अगंबाई" म्हणाली आणि बादल्या घेऊन परत गेली.

शेवटी पास्टरच आपली साखळी-करवत घेऊन आले. साडेपाच वाजले होते. पास्टर गुडघे टेकून बर्फ कापत होते, डॅरल तुकडे उपसत होता आणि बाकीचे मोकळे पाट दोरांनी बांधत होते. पास्टरच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम आला होता.

"तुम्हाला चिठ्ठी फाडली होती मी," डॅरल हळूच म्हणाला.

"विसरलो नाहीये मी," पास्टर म्हणाले. "म्हणून तर आलो. तुझा सहाचा भोंगा मला जवळून बघायचाय."

सहाला पाच कमी असताना खोपटं सुटलं. सगळ्यांनी आरोळी ठोकली. पिकअप निघाला, मागे खोपटं निघालं, खोपट्यात ऑर्डेल थर्मास छातीशी धरून बसलेले, आजूबाजूने दोर धरून गाव धावतंय. किनारा तीनशे फूट, दोनशे, शंभर. आता जमणार! डॅरलचे डोळे भरून आले. नियमही राहणार, सासराही राहणार, ईस्टरचं जेवणही मिळणार.

किनारा तीस फुटांवर आला आणि समोर दार आलं. खोपट्याचंच. मघाशी घसरत गेलेलं ते इथवर पोचलं होतं. डॅरलने स्टिअरिंग वळवलं, पिकअप वळला, पण खोपटं कुणाचं ऐकणार! ते सरळ पुढे गेलं, साखळीच्या टोकाशी गर्रकन फिरलं, ताडपत्री फाटून उडाली आणि ते पाठ किनाऱ्याकडे करून थांबलं.

अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला. तो पूर्ण मिनिटभर वाजतो.

गाव हातातले दोर तसेच धरून भिंतीकडे बघत होतं. हिरव्या रंगावर पांढरी, सुबक, एका सरळ रेषेत अक्षरं होती. डॅरल टॉर्गर्सन. खाली घराचा पत्ता. डॅरल पिकअपमधून उतरला. त्याने ते दोनदा वाचलं. मग, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, खिशातून टेप काढून अक्षर मोजलं. अडीच इंच.

"काल लिहिलं," ऑर्डेल भगदाडातून खाली उतरत म्हणाले. गुडघ्याला हात लावून एकेक पाय टाकत ते आले. "गुडघे गेले माझे. आता होत नाही. जोलीन म्हणाली, खोपटं त्यालाच द्या. म्हटलं, एकदा आत बोलवून, नीट बसवून सांगावं. तर दुपारपासून बसायलाच तयार नाही हा माणूस."

डॅरल काही बोलणार तेवढ्यात पास्टर खाकरले.

"सहा वाजून दोन मिनिटं," ते घड्याळात बघत म्हणाले. "खोपटं बर्फावर. मालक समोर. नाव अगदी स्वच्छ वाचता येतंय. मी आपलं सहज म्हटलं."

सगळ्या गावाने डॅरलकडे बघितलं. डॅरलने खिशातून चिठ्ठीपुस्तक काढलं, पेन झटकलं, गोठलेल्या शाईवर फुंकर मारली आणि लिहायला लागला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला, भिंतीवर होता तसाच. गुन्हा लिहिला. खाली अधिकाऱ्याची सही केली, त्याच्या शेजारी गुन्हेगाराची सही केली, वरची प्रत फाडली आणि स्वतःच्या दुसऱ्या खिशात घातली. या वेळी मात्र टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात पास्टरच्या.

लोक पांगले. ऑर्डेल परत आत जाऊन स्टुलावर बसले होते. गिरमिटाने त्यांनी नवं भोक पाडलं होतं, किनाऱ्यापासून तीस फुटांवर, जिथे बेडूकसुद्धा लागला नसता.

"ये रे डॅरल," ते म्हणाले. "चिठ्ठी तर फाटलीच, आता कसली घाई? बस."

डॅरल जागच्या जागी उभा राहिला. एकोणीस वर्षांत त्यांनी त्याला नावाने हाक मारली नव्हती, आणि अरेतुरे तर कधीच केलं नव्हतं. तो आत गेला. दुसऱ्या स्टुलावर बसला. ते डुगडुगलं, कारण लेखी समज कुठेतरी वाटेत सांडली होती. ऑर्डेलनी कॉफी ओतून दिली. ती गार होती, कडू होती आणि त्याला फार आवडली. मग त्यांनी आपला छोटा गळ त्याच्या हातात दिला. डॅरलने गळाची दोरी पाण्यात सोडण्यासाठी हात पुढे केला.

"लायसन्स?" ऑर्डेलनी विचारलं.

डॅरलचा हात थांबला. एकोणीस वर्षं तो हजारो लायसन्स तपासत आला होता. स्वतः त्याने एकदाही काढलं नव्हतं. कशाला काढणार, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

"नाहीये," तो म्हणाला.

ऑर्डेलनी शांतपणे गळ काढून घेतला. "आर्डिसचं दुकान सातपर्यंत उघडं असतं. तिथं मिळतं," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

डॅरल उठला, बाहेर आला आणि उताराकडे चालू लागला. मागून भगदाडातून हाक आली.

"आणि हे बघ, येताना बिजागऱ्या पण आण. दार तुझं आहे आता."