थोरला, धाकला आणि मामांचा पट्टा

"हा चौथा शर्ट," संयोगिता दारात उभी राहून म्हणाली. "नवऱ्या मुलीला बी एवढा वेळ लागत न्हाय."

अमरसिंह आरशासमोर आडवे, उभे, तिरके होऊन स्वतःच्या कमरेकडे बघत होते. पँटीत उजव्या अंगाला एक लाकडी पिस्तूल खोचलेलं होतं, आणि ते दिसतंय की नाही हे त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हतं.

अमरसिंहांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना होता. शेजारच्या कारखान्यात चोरी झाली तेव्हापासून त्यांनी पिस्तुलाच्या परवान्याचा ध्यास घेतला होता. हेलपाटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे परवाना हातात पडला. आता फक्त विकत घ्यायचं. पण दुकानदारानं काउंटरवर दोन पिस्तुलं ठेवली आणि घोडं तिथंच अडलं. दोन्ही एका आईची लेकरं. फरक असेल तर एका बोटाचा.

"थोरलं हातात बसतंय, धाकलं कमरेला," दुकानदार म्हणाला होता. "आता हाताकडं बघायचं का कमरेकडं, ते तुमी ठरवा."

अमरसिंहांची कंबर हा गेल्या काही वर्षांत नाजूक विषय झाला होता. शिवाय त्यांना ते लपवूनच बाळगायचं होतं. वर दिसलं की उद्या प्रत्येक लग्नात "जरा बगू" म्हणून लोक हात घालणार, हे ते ओळखून होते. माणूस पडला फाउंड्रीवाला. साधा नट ओतायचा तरी आधी त्याचं लाकडी पॅटर्न करायचं, ही सवय. त्यांनी पॅटर्नमेकर अण्णासोला दोन्हींची मापं दिली. अण्णासोनं शिसवीची दोन सुरेख पिस्तुलं करून, वर काळा रंग मारून आणून दिली. थोरला आणि धाकला.

"मी सांगते तसं करा," संयोगिता म्हणाली. तिला हे खूळ पहिल्यापासून पसंत नव्हतं. "आज बिद्रीला गावदेवीच्या म्हाईचं जेवाण हाय. माझं अख्खं माहेर असणार. ह्यातलं एक लावून चला. कुणालाबी कळलं न्हाय, तर खुशाल खरं घ्या. एकाला जरी कळलं, तर परवाना कपाटात आन् इषय बंद."

"मान्य," अमरसिंह म्हणाले आणि सावधपणा म्हणून कमरेला धाकलाच खोचला.

बिद्रीत पाऊल टाकताच मेहुणा राजवीर हात पसरून आला. कोल्हापूरकडच्या माणसाची मिठी म्हणजे निम्मी कुस्तीच. अमरसिंह चटकन एका पायावर गर्रकन फिरले आणि त्याला डाव्या बाजूनं भेटले.

"काय झालंय दाजी?"

"काय न्हाय. जरा अंग धरलंय."

हे एवढंसं वाक्य बोलायला नको होतं. पण ती चूक त्यांना पंगतीत बसताना कळली. मांडी घालायला ते वाकले, आणि धाकल्याची नळी जांघेत आणि मूठ बेंबीत अशी एकदम घुसली, की तोंडातून "आईऽऽ" असा सूर निघाला. अख्खी पंगत थांबली. सासूबाई धोंडुबाई वाढायचं सोडून धावत आल्या. जावयाला सावरायला त्यांनी कमरेला हात घातला आणि हाताला काहीतरी कडक लागलं.

"अगं बाई! पट्टा बांधलाय ह्यास्नी!" धोंडुबाई ओरडल्या. "जावईबापू, हर्निया व्हय?"

अमरसिंहांनी संयोगिताकडे बघितलं. ती शांतपणे लिंबू पिळत होती. आता पिस्तूल कबूल करावं तर पैज जाते. ते खाली मान घालून म्हणाले, "व्हय. जरासा."

त्याक्षणी त्यांच्या पुढचं ताट उचललं गेलं. मटण गेलं, तांबडा रस्सा गेला, पांढरा गेला. त्या जागी दहीभात आला. "तिखट बाधतंय, जोर पडतोय," असं चिमणाबाई आत्या आणि इतर पाचसहा जाणकार एकदम म्हणाले. शेजारी राजवीर मटणाची नळी फोडत होता. अमरसिंहांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं दुखणं बरंच वाढलंय.

हात धुवायच्या निमित्तानं ते गोठ्यामागं गेले आणि त्यांनी अण्णासोला फोन लावला. "आरं, धाकला एवढा टोचतोय कसा?"

"टोचंल की साहेब. लोखंड ओतल्यावर आकसतंय, म्हणून सगळीकडनं माप वाढवून ठेवलंय. वर मशीनवर घासायला बी थोडं जादा सोडलंय. नेहमीसारखं."

"आरं, पण ते ओतायचं न्हवतं!"

अण्णासोलाच नवल वाटलं. "साहेब, न ओतायचं पॅटर्न आपन आजवर केलंय कधी?"

म्हणजे कमरेला होता तो धाकला नव्हताच. तो फुगून थोरल्याएवढा झाला होता. अमरसिंह कपाळाला हात लावून उभे राहिले, तोच सासरे आकाराममामा गोठ्याच्या दारातून हळूच हाका मारू लागले. "जावईबापू, आत या. एकलेच."

आत येताच त्यांनी कडी घातली. आजूबाजूला बघितलं, म्हशीकडेसुद्धा बघितलं, आणि धोतर जरा सैल केलं. आत जुन्या लुगड्याच्या घड्या आणि वर गाडीच्या ट्यूबचा पट्टा करकचून आवळलेला होता.

"चार वर्सं झाली," ते कुजबुजले. "घरात कुनाला पत्ता न्हाय. डॉक्टर म्हणतोय आतडं अडाकलं तर जिवावर येईल. पर गावात कळलं की आकाराम नाजूक झाला, तर तालमीत तोंड कसं दावू? तुमी कसा लपिवता? बगू तुमचा पट्टा."

अमरसिंहांनी निमूटपणे शर्ट वर केला. सासरे बराच वेळ त्या शिसवी मुठीकडे बघत राहिले.

"हे कुठल्या डॉक्टरनं दिलं?"

अमरसिंहांनी सगळं सांगितलं. सासरे गदगदा हसले, हसता हसता कळ आली म्हणून पोट धरून खाली बसले, आणि घाम पुसत म्हणाले, "ठरलं तर. तुमचं मी सांगत न्हाय. माझं तुमी सांगू नगा."

परतीच्या वाटेवर बिद्रीच्या साखर कारखान्याची चिमणी मागं पडल्यावर संयोगिता म्हणाली, "जिंकलासा. उद्या जाऊन घ्या."

अमरसिंहांना आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे तो ट्यूबचा पट्टा आणि मामांचा पांढराफटक पडलेला चेहरा येत होता. आपलं पिस्तूल वाचवायला त्यांचं दुखणं लपवायचं, आणि एवढा जीव लावणारा माणूस गमवायचा? त्यांनी गाडी कडेला घेतली.

"हरलो," ते म्हणाले. "मामांनी बघितलं." आणि कसं बघितलं तेही सांगितलं.

संयोगितानं डोळे पुसले, नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "गाडी वळवा."

"फितूर!" सासरे जावयावर कडाडले. लेक रडली, सासूनं देव पाण्यात घालायची धमकी दिली, तेव्हा कुठे ते ऑपरेशनला तयार झाले. पण एका अटीवर.

त्या अटीमुळे पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या दवाखान्यात, भेटायच्या वेळी, पलंगावर पांघरूण घेऊन अमरसिंह झोपलेले असत. टाके घातलेले आकाराम शेजारच्या खुर्चीवर धोतर नीट करून, मिशीला पीळ देत बसलेले असत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "जावयाचं ऑपरेशन. म्हटलं, सोबतीला आपन थांबावं."

"लई वाळला पोरगा," म्हणत चिमणाबाई आत्यानं अमरसिंहांच्या तोंडावरून हात फिरवला. राजवीरनं दोन डबे उघडले. पेशंटसाठी पेज. सोबतीच्या माणसासाठी मटण.

सगळे गेल्यावर अमरसिंह उठून बसले. "मामा, डॉक्टरांनी अजून तिखट खायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

"ते पेशंटला," सासरे म्हणाले आणि डबा पुढं ओढला. "तुमी पेज प्या. निवाय लागलीय."