चाक बोलून राहिलंय

जळकोटच्या नाक्यावर, गतिरोधकाशेजारी, बांगड्यांची पेटी खाली ठेवून एक माणूस गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला दिसला, तर त्याचं काही हरवलंय असं समजू नका. ते आमचे हबीबमामू. ते गाड्यांची पुढची चाकं ऐकत असतात.

मामूंना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. पण गतिरोधकावर गाडी हळू झाली की मामू हात पसरून समोर हजर. "ठैरो! डावं चाक बोलून राहिलंय!"

एकदा एका साहेबांची पांढरी गाडी अडवली. साहेब काच खाली करून ओरडले, "बाजूला व्हा!"

"होतो की साहेब. आधी ब्रेक दाबायला लावा."

त्यांचं शास्त्र सुटसुटीत होतं. ब्रेक दाबल्यावर वाजतं ते ब्रेकचं. वळताना वाजतं ते बेअरिंगचं. "आन् काहीबी करा, वाजतंच राहतं, तर मालक बहिरा हाय!"

बांगड्या एकमेकींवर वाजवून तडा गेलेली बाजूला काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. तोच कान ते चाकाला लावायचे आणि बऱ्याचदा चुकायचे. खंडेनवमीनंतर तर हमखास. पूजेच्या झेंडूच्या हाराची तार चाकात गुंतून कुरकुरायची आणि मामू बेअरिंग गेल्याचं जाहीर करायचे. चुकल्याची लाज मात्र नाही. "न्हाई ना निघालं काही? लई बरं झालं!" म्हणत चिडलेल्या ड्रायव्हरलाच चहा पाजायचे.

भूकंपानंतर ते औशाकडून इथं बहिणीकडे राहायला आले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्या काळी लातूरच्या क्लासेसचं वेड गावोगाव पोचलं होतं. मी क्लासवाल्यांच्या बाजाराविरुद्ध पत्रक छापलं होतं आणि ते वाटायला लातूरला निघालो होतो. त्याच जीपमध्ये माझी धाकटी बहीण सुनंदा गावातल्या आणखी काही मुलींबरोबर एका क्लासची प्रवेश परीक्षा द्यायला बसली होती. दहाला दार बंद होणार होतं. परीक्षा हुकली की तिचं शिक्षण संपलं, असं वडिलांनी बजावलं होतं. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. बाजार वाईटच, पण तिला दुसरी वाट नव्हती. आमचं त्यावर रोज भांडण व्हायचं.

नाक्यावर मामू आडवे आले.

"मामू, आज न्हाई," ड्रायव्हर बालाजी टेपच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला. "पोरींचा पेपर हाय!"

"पोरी हायत म्हणूनच. खोल चाक."

"आठ दिवसांपासून वाजून राहिलंय ते. सवय झाली आमाला!"

हे ऐकलं आणि मामू चक्क चाकासमोर फतकल मारून बसले. हॉर्न झाले, शिव्या झाल्या. सुनंदा रडवेली होऊन म्हणाली, "मामू, पाया पडते, उठा ना!" मामू उठले नाहीत. शेवटी बालाजीनं जॅक लावला, चाक काढलं, ड्रम उतरवला. आतून निघाला एक खडा. हरभऱ्याएवढा.

"हे घ्या तुमचं बेअरिंग!" बालाजीनं तो मामूंच्या हातावर आपटला.

माझं डोकं फिरलं. "हिचं वर्ष गेलं तर जबाबदार कोण, मामू? एका खड्यासाठी?"

मामूंनी खडा सदऱ्याला पुसला.

"भांजे, तिकडं औशाकडं एका गावात दर बाजाराला बांगड्या भरायला जायचो. बाया हात पुढं करून सांगायच्या, मामू, जमीन गुरगुरून राहिली. फळीवरची भांडी हलून राहिली. मी हसायचो. म्हणायचो, उंदीर असतील. हात ढिला सोडा, बांगडी फुटंल. मग म्हणायच्या, जाऊ द्या, सवय झाली आता. सगळ्या बोलून राहिल्या होत्या, बेटा. त्यांचे हात माझ्या हातात होते."

त्या भूकंपावरही मी पत्रक काढलं होतं. वरच्यांनी लोकांचं ऐकलं नाही, असं ठणकावून लिहिलं होतं. त्यात बांगडीवाला कुठंच नव्हता.

बालाजी चाक बसवू लागला. सगळे जीपमध्ये चढल्यावर सुनंदा बालाजीला म्हणाली, "टेप बंद करा, भाऊ. गतिरोधकावरून हळू न्या. मामूंना ऐकू द्या."

"ताई, उशीर झालाय."

"झालाय तर झालाय. दाराचं मी बघते."

जीप सावकाश गतिरोधकावर चढली, उतरली. आत एकही मुलगी बोलत नव्हती. मामू गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. मग ताठ झाले आणि हात वर केला.

"गप्प हाय आता. जाव बेटा."

लातूरला पोचलो तेव्हा क्लासचं दार लागलेलं होतं. मी निषेधाची वाक्यं जुळवू लागलो. सुनंदानं दार वाजवलं. आतून आवाज आला, "वेळ संपली." तिनं पुन्हा वाजवलं. मग आतून कुणी उत्तर देईना. ती दोन्ही हातांनी वाजवत राहिली, शेवटी आतून कडी निघेपर्यंत.