फ्लोराइड जातंय का तेवढं सांगा

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत, तोंडात बघतात. लातूरला आम्ही नवीन राहायला आलो त्या दिवशी मी त्यांच्याकडं विरजण मागायला गेले, तर म्हणाले, "बाई, जरा हसा बगू." मी चिडून दात दाखवले. अप्पांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "नांदेडकडच्या दिसता. नदीवर वाढलाव. चांगलं पाणी हाय." माझं माहेर नांदेडचंच. विरजण मिळालं, पण घरी आल्यावर मी आधी आरशात दात बघितले.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले आणि अप्पांनी वरच्या खोल्या शिकायला आलेल्या पोरांना भाड्यानं दिल्या. पोराचा बाप विचारायचा, पंखा आहे का, मेस जवळ आहे का. अप्पा पोराला म्हणायचे, "दात दाखीव." दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसले की मान हलवायचे. "बोरच्या पाण्यावर वाढलास न्हाई का? फ्लोराइड हाय तुझ्या गावाला." मग त्या बापाला बसवून समजावणार की फ्लोराइडला वास नाही, रंग नाही, चव नाही, पण लहानपणी पोटात गेलं की पक्के दात डागाळूनच येतात आणि घासून जात नाहीत. खोली बघायला आलेला बिचारा बाप चहा पिऊन, स्वतःचे दात चाचपत जायचा.

एकाच माणसाचे दात अप्पा कधी बघायचे नाहीत. त्यांची लेक सुनंदा. ती माहेरी आली की मोकळेपणानं बोलायची, पण हसू आलं की पदर तोंडावर. आणि अप्पा तिच्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोलायचे. मला वाटायचं, असते एकेकाची सवय.

मग सुनंदाच्या नवऱ्याला इथल्याच एका क्लासवर फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. रांगत्या चिमीला घेऊन ती दोघं अप्पांकडंच राहणार असं ठरलं आणि अप्पांची झोप उडाली. नळाला पाणी येईल तेव्हा खरं, म्हणून त्यांच्या घरी बोरचंच पाणी प्यायचे. ते तपासून आणलं तर त्यातही फ्लोराइड. लेक यायच्या आत फिल्टर बसला पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं.

फिल्टरवाल्यांची रीघ लागली. अप्पा प्रत्येकाला बसवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. फ्लोराइड जातंय का तेवढं सांगा." आत मेणबत्तीसारखी पांढरी कँडल असलेला फिल्टर घेऊन आलेला एकजण म्हणाला, गाळ जातो. अप्पा म्हणाले, "गाळ माझी बायको फडक्यानं काढायची." दुसरा म्हणाला, आमच्या मशीनमध्ये दिवा आहे, सगळे जंतू मरतात. "आरं, पण फ्लोराइड जितं हाय का मरायला?" तो पोरगा बिस्किट खायला लागला. मी आपलं भाबडेपणानं सुचवलं, उकळून प्या की. अप्पांनी माझी कीव केली. "बाई, दूध आटवल्यावर साखर उडून जाती का? उलट बासुंदी जास्त गोड होती. तसंच हाय ते."

शेवटी राहिला आरओ. त्यावरही अप्पांचा विश्वास नाही. म्हणाले, आधी बसवा, त्यातलं पाणी मी तपासून आणतो, मग घेतो. एका कंपनीनं हाकललं, दुसरीनं बसवलं, अप्पांनी रिपोर्ट बघून काढायला लावलं. मला राहवेना. म्हटलं, "अप्पा, लेकीला स्थळ बघतानासुद्धा एवढं बघितलं नसंल तुम्ही."

मला वाटलं, हसतील. ते खाली बसले.

"स्थळं लई आली ओ बाई. तिचे दात बगून परत गेली." मग कॅलेंडरकडं बघत सांगायला लागले. लातूरला यायच्या आधी ते राहायचे त्या गावात पाणी नव्हतं. बायका लांबच्या विहिरीवरनं आणायच्या. अप्पांनी सरकारी कचेरीत खेटे घालून गावाला बोर आणला, जागा स्वतःच्या वावरातली दिली. पाणी लागलं तेव्हा नारळ फोडला, गावजेवण दिलं. अख्खा गाव त्याला अप्पाचा बोर म्हणायचा. सुनंदा तेव्हा तान्ही होती. पुढं किल्लारीचा भूकंप झाला, गावात डॉक्टर आले. जखमा बांधता बांधता एकानं सुनंदाच्या तोंडात बघितलं आणि विचारलं, पाणी कुठलं पिता?

"भूकंपानं घर पडलं, त्याचं काय न्हाई वाटलं मला," अप्पा म्हणाले. "हे मी माझ्या हातानं केलतं." मला फार वाईट वाटलं. मी त्यांना चहा करून दिला आणि फिल्टरवरून पुन्हा कधी चिडवलं नाही.

एक आरओ अखेर अप्पांच्या परीक्षेत पास झाला. चिमी त्याच पाण्यावर वाढली. क्लासची पोरंही तिथनंच बाटल्या भरून नेत. चिमीचे दुधाचे दात पडून पुढचे पक्के दात आले, तेव्हा अप्पांनी मला हाक मारून बोलावलं.

"चिमे, हास बगू बाईंला."

चिमी हसली आणि हसता हसता फ्रॉकचा घोळ उचलून तोंडावर धरला.

अप्पांचा चेहरा उतरला. "आगं, झाकतीस कशाला?"

"असंच हसत्यात की," चिमी म्हणाली. "आई हसती तसं."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचाही पदर तोंडावरच होता. तिनं तो खाली सोडला आणि अप्पांच्या पुढ्यात येऊन बसली.

"अप्पा, माझे बगा."

अप्पा कॅलेंडरकडं बघायला लागले.

"तिकडं न्हाई. हिकडं." आणि ती तोंडभर हसली.

अप्पांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांचं सांगतात तसं सांगितलं. "माझ्या बोरचं पाणी."

"लई गोड होतं, अप्पा," सुनंदा म्हणाली. "आईच्या डोक्यावरची घागर उतरली त्या पाण्यानं."

अप्पा उपरण्यानं डोळे पुसायला लागले. आईचं बघून चिमीनंही फ्रॉक खाली सोडला.