नेनेकाकांचं ‘आमच्याकडे’

नेनेकाका ‘आमच्याकडे’ म्हणाले की ते नक्की कुठे, हे कळायला मला लंडनजवळच्या हॅरोत येऊन सहा महिने लागले.

पहिल्यांदा भेटले ते मंडळाच्या गणपतीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा अविनाश इथल्या हॉस्पिटलात नुकताच लागला होता आणि मी कुणालाच ओळखत नव्हते. प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे उंच, किडकिडीत, टाय लावलेले एक गृहस्थ होते. ते मागे वळून गंभीरपणे म्हणाले, “आमच्याकडे सरकार पडतंय बहुतेक.”

मला वाटलं, महाराष्ट्रातलं. मी म्हटलं, “त्यात नवीन ते काय?”

“तसं नव्हे हो. वीजमंत्र्यानं साडूला कॉन्ट्रॅक्ट दिलं. आणि साडू आहे विरोधी पक्षनेता. आता कुणी कुणावर आरोप करायचे?”

काका मूळचे सांगलीकडचे, साखर कारखान्यातले इंजिनिअर. तिथे उसाच्या चिपाडांवर बॉयलर पेटवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर पॉवरहाऊस चालवायला चार वर्षं गेले, आणि तिथून आजारी बहिणीसाठी हॅरोला आले. त्या चार वर्षांनी आधीची चाळीस पार पुसून टाकली होती. बेटाचं नाव सांगून कुणाला कळायचं नाही, म्हणून काका सांगतच नसत. आमच्याकडे म्हणजे आमच्याकडे.

रविवारी दुपारी दोन वाजता त्यांच्याकडे जायची सोय नव्हती. तेव्हा ते बेटावर फोन लावत. पॉवरहाऊसच्या ऑफिसात मिस आयव्ही नावाच्या क्लार्क होत्या. त्या आठवड्याची बित्तंबातमी देत आणि काका ती वहीत उतरवून घेत. डिझेलची बोट आली का, तीन नंबरचं इंजिन खोकतंय का, कुणाचा मुलगा बेट सोडून गेला. नंतर ते मला ती वाचून दाखवत आणि मी थक्क होऊन ऐकायची. मला आमच्या समोरच्या घरात कोण राहतं हे ठाऊक नव्हतं, आणि हा माणूस हॅरोत बसून एका अख्ख्या देशाची खबरबात ठेवत होता. एक देश असा तळहातावर मावू शकतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

एकदा ते मला सुपरमार्केटात सापडले. केळ्यांच्या फळीपुढे उभं राहून मागच्या फण्या पुढे आणि पुढच्या मागे करण्याचं काम चाललं होतं. पुढची केळी होती लांबसडक, एका मापाची. काकांच्या बेटावरची बारकी आणि जरा जास्तच वाकडी. एका गोऱ्या बाईंनी अदबीनं विचारलं, “डू यू वर्क हिअर?”

“नो मॅडम,” काका म्हणाले, “आय वर्क देअर.” आणि त्यांनी केळ्यावरच्या स्टिकरवर बोट ठेवलं. बाईंनी घाबरून दोन फण्या घेतल्या.

माझी मुलगी मीरा इथेच जन्मलेली. ती म्हणाली, “काका, पण तुझा केळी इतकी छोटा का आहे?”

“छोटी आहेत, पण स्वाभिमानी आहेत,” काका म्हणाले. मग बसमध्ये त्यांनी मला सगळं गणित समजावलं. बेटावर उसाचे दिवस संपले, राहिली केळी. केळी इथे विकली गेली तर तिथे डिझेल, डिझेल आलं तर उजेड. आता मोठ्या मळ्यांची स्वस्त केळी आली की आमच्याकडे अंधार. “आणि गंमत बघा, आमचा डोंगर दिवसरात्र वाफ सोडतोय. गंधकाचा नुसता घमघमाट. त्या वाफेवर वीज होते. पण आम्ही बोटीनं डिझेल आणणार. परसात विहीर आणि दारात टँकर, अशातली गत.” त्या वाफेसाठी त्यांनी तीन सरकारांना पत्रं लिहिली होती. तिन्ही सरकारांनी उत्तम कागदावर आभार मानले होते.

पुढच्या गणपतीत मंडळानं चूक केली आणि त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. काकांनी माइक धरला. “आमच्याकडचं खरं दुखणं वीज नाही. शिकलेली पोरं सगळी लंडनला पळतात, आणि इकडे हॉल भाड्यानं घेऊन देशाच्या आठवणी काढत बसतात.” हॉल भाड्यानं घेऊन बसलेले आम्ही दीडशे जण आपापल्या द्रोणातल्या मोदकाकडे पाहू लागलो. ते बेटाबद्दलच बोलत होते, पण वॉटफर्डच्या एका डॉक्टरांनी पुढची दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला.

मग नव्वदीतल्या एका सप्टेंबरात त्या बेटावर वादळ आलं. इथल्या बातम्यांत ते हवामानाच्या आधी अर्धा मिनिट येऊन गेलं. त्या रविवारी फोन लागला नाही. पुढच्याही नाही. मी डबा घेऊन जायची तर काका टाय लावून फोनपाशी बसलेले. वही उघडी, पान कोरं. “तीन नंबर बंद पडलं असणार,” एवढंच म्हणत. मी म्हटलं, “काका, इंजिन होईल हो दुरुस्त.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. ते इंजिनाबद्दल बोलत नव्हते.

तिसऱ्या रविवारी फोन लागला, तेव्हा मी तिथेच होते. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला, शांत आणि जरा खर्जातला. “मिस्टर नेने? केळी सगळी आडवी. ऑफिसचं छप्पर गेलं. नंबर थ्री इज रनिंग.” काकांनी लिहिलं, ‘तीन नंबर चालू.’ “अँड यू?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला असावा. मग आवाज आला, “आय ॲम हिअर, मिस्टर नेने.”

फोन ठेवल्यावर ते आपण होऊन बोलले.

“निघालो ना, तेव्हा ती विमानतळावर आली होती. गुडबाय म्हणणार होतो. पण आपल्या तोंडाला वळण असतं हो. निघताना येतो म्हणायचं, आईनं मारूनमुटकून शिकवलेलं. तेच इंग्रजीत बाहेर पडलं. ‘ओके आयव्ही, आय ॲम कमिंग.’ ती म्हणाली, ‘व्हेन?’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? विमान सुटत होतं. मराठीचं व्याकरण कुठे समजावू? दोन वर्षं दर फोनला विचारायची, व्हेन. ताईचं दुखणं चाललं होतं, मग नोकरी. मग तिनं विचारणं सोडलं आणि डिझेलचा साठा सांगायला लागली.”

मी स्वभावानं फटकळ आहे. “काका,” मी म्हटलं, “ताई जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही रिटायर झालात. आता कसली वाट बघताय?”

ते पेनाचं टोपण काढत-घालत बसले. पण मार्चमध्ये त्यांनी घर विकायला काढलं.

हीथ्रोला त्यांना सोडायला मी, अविनाश आणि मीरा गेलो. सामान म्हणजे एक बॅग आणि इंजिनाचे सुटे भाग भरलेलं एक खोकं, ज्यावरून काउंटरवरच्या मुलीशी त्यांचा वाद झाला आणि ते जिंकले. मीरानं वाकून नमस्कार केला. काकांनी टाय सरळ केला, आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं, जातो.”

मराठी माणूस निघताना असं म्हणत नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, “अहो, जातो नाही, येतो म्हणावं.” उभ्या जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं.