बापूराव आणि निळं पडणारं मशीन

बापूराव कंप्युटर दुरुस्त करायला आले की आधी विचारपूस करतात. मालकाची नाही, कंप्युटरची. चपला बाहेर काढतात, डब्यावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "काय झालं रे लेका? काहून रुसून राहिला?" मग एकच डोळा उघडून आपल्याकडं बघतात. "कोणी ओरडलं का याच्यावर?"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. वसमतला माझी हळदीची आडत आहे. पाठीवर पोती वाहून उभी केलेली. माझ्या दुकानात येऊन कोणी नाटक केलेलं मला खपत नाही.

"बापूराव, मंत्र घालायला नाही बोलावलं तुम्हाला."

"आवाज कमी करा, शेठ. ते बिचकतं."

याच बापूरावांना काढून टाकायचं मी पुढं ठरवलं. का, ते सांगतो.

गडी कुरुंद्याचा. साठीला टेकलेला. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कंप्युटर. लग्न असो की मयत, बापूराव आधी कुलरपाशी जाऊन उभे राहतात आणि त्याचा आवाज ऐकतात. "बेअरिंग गेलं याचं," असं सुतकाच्या घरात घरधन्याचं सांत्वन करता करता सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.  घरधनीही डोळे पुसून कुलरकडं बघायला लागला.

आणि भाव? घासाघीस सुरू केली की ते खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागतात. बोलतच नाहीत. बाजारात माझ्यापुढं भले भले व्यापारी नरमतात, पण या माणसानं मला सुपारीच्या आवाजावर हरवलं.

तर दुखणं असं. दुकानात एक मशीन, मागं गोदामात दुसरं. हळदीचं वजन गोदामातल्या मशीनमध्ये चढतं. त्याचं फोल्डर वायरीवरून दुकानातल्या मशीनला जोडलेलं आहे, म्हणजे बसल्या जागी शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी छापून निघते. ऐन हंगामात दुकानातलं मशीन रोज सकाळी चालू केलं की गोल चक्र फिरायचं, फिरायचं आणि पडदा निळाशार. बाहेर ट्रॉल्यांची रांग, आणि शेतकरी माझ्याकडं असे बघायचे, जणू मीच मशीनच्या पोटात गुद्दा मारला.

बापूराव येत राहिले. वायर बदलली. पंखा पुसला. एका पालीवर संशय घेतला. मग एका सकाळी चहासुद्धा न घेता नुसते बघत बसले. मशीनकडं नाही, माझ्याकडं.

आमच्याकडं एक रिवाज आहे, माझाच. वजनकाट्याला हळदकुंकू आणि अगरबत्ती लागल्याशिवाय गोदामात कोणी बटण दाबायचं नाही. पूजा मी स्वतः करतो. पण आधी दुकान उघडून, तिथलं मशीन चालू करून, मग.

मी पूजा आटोपून दुकानात आलो, तर भरल्या गिऱ्हाइकात बापूराव म्हणाले, "शेठ, हे मशीन उठल्या उठल्या गोदामातल्याला हाका मारतं. ते तर तुमच्या पूजेपायी झोपलेलं असतं. हे हाका मारून मारून चक्कर येऊन पडतं. रोग याला न्हाई. तुमचा रिवाज भोवून राहिला."

 कोपऱ्यातला हट्टा गावचा एक म्हातारा खो खो हसला. "म्हंजी शेठच व्हायरस व्हय!"

सगळं दुकान हसलं. बापूरावांनी ते आपोआप जोडणं बंद केलं, आणि पूजेनंतर आपल्या हातानं जोडायला पडद्यावर एक बटण करून दिलं. मशीन त्यानंतर हंगामभर पडलं नाही. पण चारचौघांत अक्कल निघाली ती निघालीच. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

म्हणून पुढच्या हंगामाआधी नांदेडच्या एका कंपनीचा माणूस ठरवला. माझं काम गेलं की बाजारातल्या बाकीच्या दुकानांचंही बापूरावांच्या हातून जाणार, हे मला ठाऊक होतं. काढून टाकल्याचं त्यांच्याच दारात, शेजाऱ्यांसमोर सांगायचं, म्हणून सकाळीच कुरुंदा गाठलं.

बापूराव ओसरीवर आपल्या कंप्युटरसमोर बसले होते, हात मांडीवर. पडद्यावर गोल चक्र. तेच चक्र! मला इतका आनंद झाला की क्षणभर रागच विसरलो.

"काय बापूराव! तुमच्याच मशीनला चक्कर येऊन राहिली?"

"बसा शेठ. थोडा वेळ लागतो त्याला."

चक्र थांबलं. पडद्यावर एक डबी आली, तिच्यावर लाल फुली, खाली नाव: माई.

"अहो, वायरीच्या पलीकडं मशीनच नाही. काढून टाका की हे. मला शिकवता अन्..." म्हणत मी माऊसकडं हात नेला.

त्यांनी माझं मनगट धरलं. गच्च.

"हात लावू नका!"

ओरडले. बापूराव ओरडले, तेही कंप्युटरसमोर. अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. शेजारचा माणूस कुंपणापाशी येऊन उभा राहिला. 

मनगट सोडून ते हळू आवाजात म्हणाले, "आतल्या खोलीत लेकीचं, माईचं मशीन होतं. मधली वायर मीच टाकली. मी इथून काही पाठवलं की ती आतून ओरडायची, 'बाबा, आलं!'"

"आता कुठं असते?"

"पुण्याला. तिच्या मनानं लगीन केलं. मी म्हणलो, परत येऊ नको. मशीन उचलून गेली, अन् खरंच आली न्हाई." त्यांनी पडद्यावरची धूळ बोटानं पुसली. "हाक मारायला मला तोंड न्हाई, शेठ. हे मारतं रोज."

मी हात मागं घेतला.

"तुमचं काय काम होतं?"

कुंपणावरचा शेजारी कान टवकारून उभा होता. जशी मला हवी होती तशीच सगळी मांडणी होती.

"हंगाम लागतोय," मी म्हणालो. "दुकानात येऊन मशीन बघून जा, एवढंच."

"फोनवर सांगायचं की."

"फोनवर तुम्ही भाव कुठं ऐकता?"

ते हसले. मशीन बंद करून त्यांनी पुन्हा चालू केलं. चक्र फिरायला लागलं.

मला बाजारात जायचं होतं. मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.