गुरम्माक्काची पालिशची गिरणी

चिटगुप्प्याला नवे तहसीलदार आले, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी भेटायला गेली ती गुरम्माक्का. कोणी हार घेऊन जातं, कोणी दरख्वास्त घेऊन. ही बाई रिकाम्या हातानं आत शिरली, साहेबांच्या टेबलाशी वाकली आणि तिनं आपला उजवा गाल त्या टेबलावर ठेवला. नुसता ठेवला नाही, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला. साहेबांनी दौत वर उचलून धरली म्हणून ती वाचली.

"ये क्या है?" साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, इकडे सलाम असाच करत असतील.

"साब, ये पालिश नै, नुस्ता रंग है. गाल अटकता!"

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी शाळेत मास्तर होतो आणि अक्काच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. तिची बाजारात पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. गालाचं कारण तिनं मला सांगितलं होतं. "पोती उचलून तळहात मेले, मास्तर. गाल तेवढा जित्ता हाय."

त्या जित्त्या गालानं गावातलं एकही लाकूड सोडलं नाही. देवळाचं दार, पाळणे, खाटा, माझ्या शाळेचा फळासुद्धा. त्या दिवशी ती अर्ध्या तोंडानं पांढरी होऊन घरी गेली. हळ्ळीखेडच्या एका लग्नात तर तिनं नवरदेवाला पाटावरून उठवलं होतं. "जरा बाजूला व्हय बाबा, पाट बघायचाय." निकाल दोनच असायचे, 'सरकला' किंवा 'अटकला'. आणि तिचा दंडक एकच होता, "गाल सरकला पायजे!"

हे वेड तिला लागलं नवऱ्यामुळं. चन्नप्पा लाकडाला पालिश करायचे. ते चपडी लाख आणि मेण घेऊन बसले की शिसवी दारात म्हशीला आपली शिंगं दिसायची. माणूस इतका अबोल, की त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं अक्कालाच करावं लागे, आणि ती त्यात कसर ठेवत नसे.

त्या वर्षी चन्नप्पांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. नेमकं तेव्हाच मठात नवे स्वामी गादीवर बसायचे होते आणि त्यांच्या खुर्चीचं पालिश चन्नप्पांकडे होतं. सुतारानं सागवानाचे सुटे भाग करून घरी आणून टाकले होते. मठाचे कारभारी येऊन गेले. म्हणाले, "जमत नसंल तर सांगा अप्पा, हैदराबादेहून तयार खुर्ची आणतो." तीस वर्षं त्या मठातलं लाकूड चन्नप्पांशिवाय कोणी घासलं नव्हतं. कारभारी गेले आणि चन्नप्पा भिंतीकडे तोंड करून निजले ते उठेचनात. जेवायलासुद्धा नाही.

अक्का रडली नाही. ती गिरणीत गेली आणि कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत उभी राहिली.

"खाजासाब," ती इंजिन चालवणाऱ्या उस्तादांना म्हणाली, "हे एवढं दगडाचं जातं फिरवतंय, मग एक फडकं फिरवायला ह्याला कामून जमंना?"

झालं! दुसऱ्या दिवशी गावातल्या धोतरांवर धाड पडली. माझ्या दोरीवरचं धोतर तिनं ओढलं.

"हे फाटलंय मास्तर, नेते मी."

"कुठं फाटलंय?"

"हे बघा," म्हणत तिनं ते टरकावलं.

ताट ठेवून ठेवून कापडाच्या गोल चकत्या कापल्या. साठ-सत्तर चकत्या एकावर एक शिवून जाड चाक केलं. ते एका लोखंडी दांड्यावर बसवलं. जुन्या मोटेचं चामडं कापून पट्टा केला आणि तो इंजिनाला जोडला. दुपारी दळण संपल्यावर खाजासाबांनी "बिस्मिल्ला" म्हटलं, अक्कानं आपल्या देवाचं नाव घेत "बसवा, बसवा" म्हटलं, आणि चाक गरगरत सुटलं. अक्कानं परीक्षेला घरचा पोळपाट चपडी फासून आणला होता. तो तिनं चाकाला लावला मात्र, चाकानं तो हिसकावला. पोळपाट खाजासाबांच्या टोपीवरून गेला आणि दळण घेऊन निघालेल्या शांतक्काच्या पिठाच्या टोपल्यात पडला. शांतक्का डोक्यापासून पायापर्यंत पांढरी!

"अक्का," ती डोळे पुसत म्हणाली, "पोळी लाटायच्या आधीच पीठ लावायलीस की गं!"

पोळपाटावरची चपडी तापून पाकासारखी चिकट झाली होती. गाव पोट धरून हसलं. हसण्याचा तो आवाज भिंतीकडे तोंड केलेल्या माणसापर्यंत गेला असावा. कारण संध्याकाळी चन्नप्पा हात गळ्यात बांधून स्वतः गिरणीत आले.

"लाकूड हाय ते. सुरीला धार लावायलीस काय?"

"मग काय करू?"

"हळू फिरव. आन् चाकाच्या वरल्या अंगाला धरू नगं, खालच्या अंगाला धर. निसटलं तर भुईवर पडंल, माणसावर न्हाई."

"हळू फिर म्हणून इंजिनाला सांगू व्हय? त्याला काय कानडी येतंय?"

पण बोलता बोलता तिची नजर दारातल्या आपल्या बैलगाडीवर गेली. गाडीचं एक चाक निघालं आणि कापडी चाकाच्याच दांड्यावर चढलं. पट्टा आता त्याच्यावर. इंजिन दहादा फिरावं तेव्हा ते थोरलं चाक एकदा फिरे, आणि कापड लाकडावरून मांजरीच्या अंगावरून हात फिरावा तसं जाऊ लागलं. पुढे आठ दिवस अक्काची गाडी एका चाकावर दारात लवंडून पडली होती. बायका कुरकुरल्या, भाकरीला मेणाचा वास येतोय म्हणून.

"मग पोट चमकंल की!" अक्का म्हणाली.

चन्नप्पा स्टुलावर बसून डाव्या हातानं दाखवत, अक्का धरी. पाय झाले, पाठ झाली, हात झाले. सुतारानं खुर्ची जोडली. कारभारी आले ते मागं अर्धा बाजार घेऊन. अक्कानं सगळ्यांदेखत खुर्चीच्या पाठीला गाल लावला.

"सरकला!"

खाजासाबांनी टोपी उडवली. कारभाऱ्यांनीही पागोटं सावरत हळूच गाल लावून बघितला, आणि मग तर रांगच लागली. फक्त खुर्चीच्या हातांच्या टोकाला कोरलेले दोन नंदी मातकट राहिले होते. कानांच्या मागं, शिंगांच्या फटीत चाक जात नव्हतं.

"तेवढं हातानं करा अप्पा," कारभारी म्हणाले. "उद्या सकाळी वाजतगाजत नेतो. खुर्ची तुमचीच." लोक त्यांना पोचवायला निघाले. माझं ज्वारीचं दळण न्यायचं राहिलं होतं, म्हणून मी डबा घेऊन थांबलो.

खाजासाबांनी इंजिन बंद केलं. चन्नप्पांनी भुईवर बसून उजव्या हातात चपडीचा बोळा घेतला. हात नंदीच्या गळ्यापर्यंत गेला आणि थांबला. अक्का त्यांच्या मागं जाऊन बसली आणि तिनं त्यांचं कोपर आपल्या तळहातावर तोलून वर उचललं.

"जोर लावू का?"

"नगं. तू नुस्तं वजन घे, फिरवतो मी."

बोळा नंदीच्या कानामागं गोल गोल फिरू लागला. कोपर फिरे तसा तिचा हात फिरे. एक नंदी झाला. दुसऱ्याचं एक शिंग झालं, एक कान झाला. अक्कानं आपला दुसरा हातही त्यांच्या कोपराखाली लावला. चन्नप्पांना ते कळलं असावं.

"दमलीस का गं?"

"गप फिरवा," अक्का म्हणाली. "अजून एक कान ऱ्हायलाय."