तीनशे कोंबड्या आणि अकरा चादरी

"सहा आठवड्यांत या कोंबड्या हिरवळीवर बागडताना दिसल्या नाहीत, तर मिशी उतरवीन!" असं मास्तरांनी मेहुण्यांना ठणकावून सांगितलं. मास्तरांना मिशी नव्हती. पण आवेशात आलेल्या माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टी आठवत नाहीत.

मास्तर म्हणजे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगाने किरकोळ, स्वभावाने तंद्रीखोर. गॅसवर दूध उतू जाताना पाहिलं की "अगं, बघ काय ढग आलाय!" म्हणून बायकोला हाक मारणार, पण गॅस बंद करणार नाहीत. बाई बिचाऱ्या तीस वर्षं असले ढग पुसत आल्या होत्या.

मेहुणे, म्हणजे बाईंचे थोरले दादा, अगदी उलटे. रोखठोक माणूस! त्यांच्याकडे तारेच्या पिंजऱ्यांत वीस हजार कोंबड्या. पिंजऱ्यावर पिंजरा, पाच मजले, आणि दर कोंबडीला वहीच्या पानाएवढी जागा. शेडजवळ गेलं की उग्र वासाने डोळ्यांना धार लागायची. विष्ठा झिरपून मागच्या ओढ्याचं पाणी शेवाळाने हिरवं झालेलं, त्यात मासा औषधालासुद्धा उरला नव्हता.

एक दिवस मास्तर तिथे गेले, तेव्हा अंडी देऊन थकलेल्या तीनशे कोंबड्या खाटकाच्या गाडीत भरायचं चाललं होतं. मानेवरची पिसं झडलेल्या एका कोंबडीने मास्तरांकडे मान वाकडी करून पाहिलं.

"मला द्या त्या!" ते ओरडले. "मी मोकळ्या पाळतो!"

मेहुणे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "घेऊन जा! मुक्त कोंबडीपालनाचं प्रमाणपत्र मिळालं तर कोंबड्या तुमच्या. नापास झालात, तर दुसऱ्या दिवशी ही गाडी तुमच्या दारात. कबूल?"

"कबूल!" मास्तर म्हणाले, आणि मग ते मिशीचं बोलले.

घराशेजारी मास्तरांचं रान होतं. त्यांनी दुकानातून अंड्यांचा एक खोका आणला. त्यावर चित्र होतं: निळं आकाश, सपाट हिरवळ, पांढऱ्या कोंबड्या. बस्स! चित्रकाराला आणखी काय हवं? चित्रात झुडपं नव्हती, म्हणून मास्तरांनी रानातलं झुडूपन् झुडूप छाटलं. चित्रात गवत एका उंचीचं होतं, म्हणून गवत कापलं. संध्याकाळी मागे सरून, एक डोळा मिटून त्यांनी आपलं रान पाहिलं आणि समाधानाने सुस्कारा सोडला.

"अहो, पण मी धुणं कशावर वाळत घालू?" बाईंनी विचारलं. "माझी झुडपं कुठायत?"

"चित्रात धुणं नाहीये," मास्तर म्हणाले.

कोंबड्या आल्या, नव्या शेडमध्ये भुशावर उतरल्या. मास्तरांनी दार उघडलं. "या मुलींनो! आकाश तुमचंच आहे!"

एकही हलली नाही. तीनशे कोंबड्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून आकाशाकडे अशा बघत होत्या, जणू ते आत्ता अंगावर पडणार आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दारापासून रानापर्यंत मक्याचे दाणे टाकले. ते शेजारच्या शेळ्यांनी खाल्ले आणि दाण्यांची वाट उलटी धरून त्या थेट शेडमध्ये शिरल्या. मग मास्तर एकेक कोंबडी काखेत धरून बाहेर नेऊन ठेवू लागले. दहावी ठेवेपर्यंत आधीच्या नऊ घरी पोचलेल्या असायच्या! दुपारपर्यंत त्यांनी चारशे कोंबड्या बाहेर नेल्या, आणि बाहेर शून्य. सगळ्या दाराशीच घुटमळायच्या. तिथे घाणीचा चिखल, आणि पलीकडचं रान मात्र खताच्या कणालाही महाग.

चौथ्या आठवड्यात मास्तरांना वाटलं, बिचाऱ्यांना कोणी शिकवलेलंच नाही, आपण धडा द्यावा. त्यांनी चपला काढल्या, रानाच्या मध्यभागी गेले, पायाने माती उकरली, वाकले आणि मान खाली घालून म्हणाले, "क्लक."

नेमका त्याच वेळी पोस्टमन आला. पत्र न देताच परत गेला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. डॉक्टर सहज म्हणून नाडी बघून गेले. शेजारीण बाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "धीर धरा हो. निवृत्तीनंतर होतं असं!" दोघं जुने विद्यार्थी सफरचंदं घेऊन आले. मास्तरांना वाटलं, लोकांना प्रयोग आवडलाय. त्यांनी सगळ्यांना 'क्लक' करून दाखवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र ते पायरीवर गप्प बसून राहिले. मांडीवर ती मानेवरची पिसं झडलेली कोंबडी होती. "अगं, माझं चुकलं," ते बाईंना म्हणाले. "यांना मी आशा लावली आणि आता परवा गाडी येणार." डोळे भरून आले होते. बाईंनी कोंबडीच्या डोक्यावरून एकदा बोट फिरवलं आणि त्या आत गेल्या.

सकाळी मास्तर उठून बघतात तर काय! अख्ख्या रानात दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर धुणं! चादरी, पडदे, टॉवेल, टेबलावरची कापडं.

"अगं! आज तपासणी! माझं चित्र!"

"चुलीत घाला तुमचं चित्र!" बाई कडाडल्या. सहा आठवड्यांचा राग होता तो. "दीड महिना घरात कोंबड्या, शेळ्या आणि चिखल! तपासणीला कोणी येणार, त्यांना बसायला द्यायचं तर स्वच्छ कापड नाही घरात! झुडपं तुम्ही तोडलीत, आता मी दोऱ्या बांधणार! एक चिमटा जरी काढलात तर बघा!"

मास्तर मटकन गवतात बसले. ऊन कोवळं होतं. वाऱ्याने चादरी फुगत होत्या, हळूच खाली बसत होत्या, त्यांच्या निळसर सावल्या गवतावर पुढेमागे सरकत होत्या. किती सुंदर, मास्तरांच्या मनात आलं. हातातलं सगळं निसटत असतानाही त्यांना ते सुंदर वाटलं, आणि बघता बघता त्यांची तंद्री लागली.

तंद्रीत त्यांना कोंबड्या दिसल्या. पहिल्या चादरीखाली एक, मग पाच, मग एक रांगच. कोणी गवत टोचतंय, कोणी किडा पळवतंय, आणि सगळ्यांची मिळून एक हलकी कुरकुर चाललीय. मास्तर स्वप्नातच हसले.

"झोपलात का?" कोणीतरी विचारलं.

मास्तरांनी डोळे उघडले. समोर तपासनीस बाई उभ्या होत्या, हातात कागद लावलेली फळी. आणि स्वप्न अजून संपलं नव्हतं! कोंबड्या खरोखर बाहेर होत्या!

"निम्म्या तरी बाहेर हव्यात, असा नियम आहे," तपासनीस बाई म्हणाल्या आणि चादरींचे काठ उचलून मोजू लागल्या. मास्तर श्वास रोखून मागे मागे. शंभर... एकशे तीस... एकशे चौसष्ट!

"छान!" त्या म्हणाल्या. "कोंबडी मुळात झुडपातला जीव. उघड्यावर आली की तिला घारीची भीती. लोक रान गुळगुळीत करून ठेवतात आणि मग विचारतात, बाहेर का येत नाहीत! तुम्हाला हे बरं सुचलं."

मास्तरांनी छाती फुगवली. मग बायकोकडे पाहिलं आणि छाती परत आत घेतली. "हिला सुचलं," ते म्हणाले.

तपासनीस बाईंनी लिहून घेतलं: 'सावली: चादरी अकरा, पडदे चार, पायजमा एक.' खाली शिक्का मारला. "मंजूर! फक्त झुडपं कंबरेएवढी वाढेपर्यंत ही सावली हलवायची नाही. दोनेक वर्षं."

"दोन वर्षं!" बाई किंचाळल्या.

एवढ्यात मेहुणे आले. गाडी ठरवूनच आले होते. कुंपणाशी थबकले आणि एकदम ओरडले, "ती बघा! मेली एक!"

ती पिसं झडलेली कोंबडी चादरीखाली मातीत आडवी पडली होती. डोळे मिटलेले, एक पंख पसरलेला. मास्तर धावले. कोंबडीने एक डोळा उघडला, पायाने आणखी थोडी माती अंगावर ओढून घेतली आणि डोळा परत मिटला.

"लोळतेय हो," मास्तर हलकेच म्हणाले. "आंघोळ चाललीय तिची."

मेहुणे बघत राहिले. वीस वर्षं कोंबड्या पाळणाऱ्या माणसाने कोंबडी लोळताना कधी पाहिली नव्हती. कोंबडी उठली, अंग झाडलं आणि सगळी धूळ त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडवून पुढे गेली. मेहुण्यांनी शर्ट झटकला नाही. त्यांनी फोन काढला आणि गाडीवाल्याला म्हणाले, "नको येऊस."

मग त्यांनी जवळची एक चादर वितीने मोजली.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "वीस हजारांना किती चादरी लागतील हो?"

मास्तर बोटांवर हिशेब करू लागले. पण त्यांच्याआधी बाईच बोलल्या.

"दादा, आधी घरी जाऊन वहिनीला विचार. तिच्या चादरींना हात लावलास, तर पिंजऱ्यात तुलाच कोंबेल ती!"